आत्यांचा फॉर्म मीच भरला होता
(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला अध्यक्षताईंनी सांगितलं होतं की, साठ वर्षांवरच्या माणसांच्या पाहणीचा फॉर्म कसा भरायचा ते सगळ्यांना समजावून सांगा. फॉर्म तुमच्या हातात आलाच आहे. पण तो कसा भरायचा हे सांगण्याआधी मी तो कसा भरला ते सांगते. मी तो चुकीचा भरला होता.

मी एकतीस वर्षं एएनएम होते. असले तक्ते आणि रजिस्टरं भरण्यात माझा जन्म गेला. त्यामुळं मागच्या वर्षी गणपतीनंतर आपल्या गावात पहिली फेरी निघाली, तेव्हा आमच्या आळीतली घरं माझ्याकडं आली. शेवटचं घर माझंच. संध्याकाळ झालेली, गॅसवर भाजी. ओट्यापाशी उभं राहून मी आत्यांचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, फॉर्म पाच मिनिटांत भरून टाकला. स्वतः अंघोळ करतात का? हो. चालताना तोल जातो का? नाही. रोजच्या कामात कुणाची मदत लागते का? नाही. आत्या बाहेर पडवीत शेंगा फोडत बसल्या होत्या. मी त्यांना एक अक्षर विचारलं नाही. पस्तीस वर्षं एका घरात राहिल्यावर विचारायचं काय, असं मला वाटलं.

त्या फॉर्मवरून गावाची यादी झाली. कुणाच्या घरी दर आठवड्याला सखी जाणार, कुणाच्या न्हाणीत धरायला लोखंडी दांडा बसवायचा, ते त्या यादीवर ठरलं. आमच्या आत्यांचं नाव यादीत नव्हतं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात त्या न्हाणीत पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात शेजारच्या खाटेवर त्यांच्याच वयाच्या एक बाई होत्या. रात्री दोघींचं बोलणं चाललेलं मी ऐकलं. आत्या म्हणत होत्या, "चार महिनं झालं बाई, पिंपाच्या काठाला धरून उठत होते. त्या दिवशी काठ ओला होता, हात सुटला." मी सकाळी त्यांना म्हटलं, आत्या, हे मला का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, "तू इचारलंस कुठं?"

ऑपरेशन झालं, आता त्या वॉकर घेऊन पडवीपर्यंत येतात. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात हा फॉर्मच बसला आहे. चूक माझी होतीच. पण नंतर आम्ही गावातले बाकीचे फॉर्म काढून बघितले, दोन-चार घरी परत जाऊन विचारलं, तेव्हा दिसलं की फॉर्ममध्येही घोळ आहे. म्हणून आज मी तुम्हाला सांगायला उभी आहे की, या वर्षी फॉर्म घेऊन घरोघर जाण्याआधी आपण आधी फॉर्मचीच तपासणी करायची.

आपण सोयाबीन घालायला जातो तेव्हा काटा कसा बघतो? एक पोतं दोनदा ठेवून बघतो. दोन्ही वेळा वजन एकच आलं तर काटा स्थिर. एकदा साठ किलो आणि लगेच सत्तावन्न दाखवलं तर त्या काट्यावर कुणी माल घालत नाही. पण दुसरीही एक गोष्ट असते. काटा दर वेळी एकच वजन दाखवतो, पण त्यात पासंग आहे, म्हणजे दर वेळी दोन किलो कमीच दाखवतो. तो काटा स्थिर आहे पण खोटा आहे. फॉर्मचंही तसंच. एकाच माणसाला परत विचारल्यावर तेच उत्तर येतं का, दोघींनी वेगवेगळं विचारल्यावर तेच येतं का, हा झाला भरवशाचा प्रश्न. शिकलेली माणसं त्याला विश्वासार्हता म्हणतात. आणि जे मोजायचं आहे तेच मोजलं जातंय का, हा पासंगाचा प्रश्न. माझा फॉर्म बघा. मी आठ दिवसांनी परत भरला असता तरी तेच लिहिलं असतं. स्थिर होता, पण खोटा होता.

आता आपल्या फॉर्ममधले प्रश्न आले कुठून? काही आशाताईंच्या सीबॅक फॉर्ममधून आले आहेत. त्यात साठ वर्षांवरच्यांसाठी वेगळे प्रश्न असतात: उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का, खाणं, कपडे, अंघोळ, संडास यात दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्या माणसांची नावं किंवा घरचा पत्ता विसरतो का. बाकीचे प्रश्न जुन्या नावाजलेल्या याद्यांमधून घेतले आहेत. अमेरिकेत कॅट्झ नावाच्या डॉक्टरांनी १९६३ साली सहा गोष्टींची यादी केली: अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, उठणं-बसणं, लघवी-संडासवर ताबा आणि जेवणं. तीच यादी आज जगभर वापरतात. मग आपल्याकडं ती घोळ का करते? कारण मूळ यादीत प्रत्येक गोष्टीच्या खाली नीट लिहिलं आहे की, 'स्वतः करतो' म्हणजे काय. अंघोळीत नुसती पाठ चोळून दिली तरी ते माणूस स्वतः अंघोळ करणारंच धरायचं, असं तिथं आहे. आपण भाषांतर करताना जागा वाचवायला ते सगळं गाळलं आणि ठेवलं काय, 'स्वतः अंघोळ करता का? हो / नाही'. मग एका सखीनं सुनेनं पाठ चोळली म्हणून 'नाही' लिहिलं, दुसरीनं 'हो' लिहिलं. आजी तीच, अंघोळ तीच.

फोनचंही असंच झालं. १९६९ साली लॉटन आणि ब्रोडी यांनी दुसरी एक यादी केली. त्यात फोन, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं घेणं आणि पैशाचा व्यवहार अशी आठ कामं आहेत. फोन उचलता येतो पण लावता येत नाही, अशा माणसाला काय द्यायचं? मूळ यादीत सरळ लिहिलं आहे की, गुण द्यायचा. आपल्या फॉर्ममध्ये नुसतं 'फोन वापरता येतो का' एवढंच. आपल्या निम्म्या आज्या हिरवं बटण दाबून मुंबईच्या नातवाशी तासभर बोलतात, पण नंबर लावायला नातच लागते. लिहिणारीनं काय लिहायचं?

या यादीतली एक गंमत सांगते. पुरुषांना गुण देताना स्वयंपाक, घरकाम आणि कपडे हे तीन प्रश्न मूळ यादीत धरतच नव्हते. बाईचे गुण आठपैकी, पुरुषाचे पाचपैकी. म्हातारा आयुष्यात कधी चुलीपाशी गेला नाही, तर त्याला भाकरी येत नाही हे आजारपण कसं म्हणायचं, हा त्यांचा हिशेब. बरोबर आहे. पण मग आपल्या आज्यांनी आयुष्यात कधी बँकेचं तोंड बघितलं नाही, कारण पासबुक मालकांच्या खिशात. त्यांना पैशाचा व्यवहार येत नाही, हे तरी आजारपण कसं? आपल्या फॉर्मनं अशा आज्यांचा एक गुण कापला आहे. कधी केलंच नाही आणि आता जमेनासं झालं, या दोन गोष्टींसाठी दोन वेगळे रकाने हवेत. ही माझी पहिली मागणी, अध्यक्षताई, लिहून घ्या.

आता विसरण्याच्या प्रश्नांकडं येते, कारण तिथं सगळ्यात जास्त नुकसान होतं.

स्मरण आणि बुद्धी तपासायची जगातली सगळ्यात प्रसिद्ध चाचणी १९७५ सालची. फोलस्टीन नावाच्या डॉक्टरांची, तीस गुणांची. त्यात तारीख विचारतात, शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात, लिहिलेलं वाचून तसं करायला सांगतात, एक वाक्य लिहायला सांगतात. आता सांगा, शाळेची पायरी न चढलेली बाई त्यात कशी पास होणार? ती नापास झाली म्हणजे तिची बुद्धी गेली का?

हा प्रश्न आपल्याच देशातल्या आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांना हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांमध्ये पडला. तिथली बरीच म्हातारी माणसं निरक्षर. मग त्यांनी ती चाचणी हिंदीत नुसती भाषांतर केली नाही, बदलली. तो अभ्यास १९९५ मध्ये छापून आला. मूळ चाचणीत 'डोळे मिटा' असं लिहिलेलं वाचून करायचं होतं. इथं माझ्या चेहऱ्याकडं बघा आणि मी करते तसं करा, असं सांगून डोळे मिटायचे. वाक्य लिहायचं होतं, त्याऐवजी आपल्या घराविषयी एक वाक्य बोला. इंग्रजीत तीन बारक्या शब्दांची एक म्हण परत म्हणायला लावतात, तिचं भाषांतर केलं तर काहीच अर्थ लागत नाही. त्याजागी 'ना हे, ना ते' अशी सोपी बोली घातली. आणि रोजच्या जगण्याचे प्रश्न वेगळे तयार केले: नुकतं जेवलेलं विसरून परत जेवण मागतात का, घरातल्या महत्त्वाच्या गोष्टीत आपलं मत सांगतात का, सणवार लक्षात राहतात का. हे प्रश्न घरच्यांना विचारायचे. मला हे वाचून बरं वाटलं. माणसाला परीक्षेत नापास करण्याऐवजी आधी त्यांनी प्रश्नपत्रिकाच तपासली.

आपल्याकडं मागच्या फेरीत काय झालं ते सांगते. एका आजींना सखीनं विचारलं, आज तारीख किती? आजी म्हणाल्या, "परवा अमावास्या झाली, आज बीज." सखीनं लिहिलं, 'तारीख सांगता आली नाही'. अगं, त्या आजींना चंद्राचा दिवस पाठ आहे, आपल्याला मोबाईल बघावा लागतो! दुसऱ्या आजींना विचारलं, आयुष्य रिकामं वाटतं का? हा प्रश्न म्हातारपणातली उदासी ओळखायच्या यादीतला आहे, बाहेर त्याला चांगली किंमत आहे. पण आपल्या आजी म्हणाल्या, "रिकामी कशी बसंन बाई, दिवसभर काय ना काय चालूच असतं." सखीनं 'नाही' लिहिलं. त्या आजींचा लेक वर्षापूर्वी गेला आहे. रात्र रात्र बसून असतात, सून सांगते. प्रश्न 'रिकामं' या शब्दावर अडला आणि उत्तर भलतीकडं गेलं. 'काळजी वाटते का' याचंही तेच. लेकराबाळांची काळजी कुणाला वाटत नाही?

आणि ऐकू न येणं म्हणजे विसरणं नव्हे, हेही लक्षात ठेवा. डावा कान गेलेल्या माणसाच्या डाव्या बाजूला बसून पुटपुटत विचाराल तर उत्तर चुकणारच. चष्मा घरात असेल तर आधी चष्मा लावायला सांगा.

ज्या कागदावर 'विसराळू' असं लिहिलं जातं, तो कागद साधा नसतो. घरात वाटणीचा विषय निघालेला असतो, कुणाला आजीचा अंगठा हवा असतो, कुणाला आजीच्या अंगठ्याला किंमत नाही असं दाखवायचं असतं. म्हणून फॉर्म कुणालाही दाखवायचे नाहीत, अगदी आजीच्या लेकालासुद्धा नाही. आणि फॉर्म म्हणजे निदान नव्हे. उत्तरं काळजीची वाटली तर आजींना प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवायचं, एवढंच त्या कागदाचं काम.

आता तपासणी कशी करायची ते सांगते. प्रत्येक ग्रामसंघानं दहा म्हातारी माणसं निवडायची. दोन सख्यांनी एकमेकींना न सांगता, वेगवेगळ्या वेळी, त्याच दहा जणांना तेच प्रश्न विचारायचे. एकीनं निळं पेन, दुसरीनं लाल. त्यातल्या एकीनं दहा-पंधरा दिवसांनी परत जायचं. दुसऱ्याच दिवशी गेलात तर मागचं उत्तर आठवून सांगतील. तीन महिन्यांनी गेलात तर तब्येतच बदललेली असेल. मधे ताप येऊन गेला असेल किंवा घरात दुःख झालं असेल तर तो फॉर्म बाजूला काढायचा.

दोन्ही फॉर्म जुळवताना एक फसगत होते, ती मी हिशेबानं दाखवते. समजा वीस आज्या आहेत. निळ्या पेनवालीनं अठराजणींना 'ठीक' लिहिलं, दोघींना 'मदत हवी'. लाल पेनवालीनंही अठराजणी ठीक, दोघींना मदत हवी. पण निळीच्या दोघी वेगळ्या आणि लालच्या दोघी वेगळ्या. किती उत्तरं जुळली? सोळा. विसात सोळा म्हणजे शंभरात ऐंशी, वा! पण जिला मदत हवी अशी एकही आजी दोघींना मिळून सापडली नाही. त्या दोघींनी आजींना न भेटता नुसत्या दोन-दोन चिठ्ठ्या काढल्या असत्या, तरी सरासरी सोळाच्या आसपासच उत्तरं जुळली असती. कोहेन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६० मध्ये यासाठीच एक हिशेब काढला, त्याला कापा म्हणतात. नुसत्या योगायोगानं जे जुळलं असतं ते वजा करायचं आणि मग उरलेलं बघायचं. पूर्ण जुळलं तर एक, योगायोगाइतकंच जुळलं तर शून्य. आपल्या उदाहरणात तो शून्याच्याही खाली जातो. तुम्हाला तो हिशेब करायला लावणार नाही, आमची लेखापाल ताई करील. तुम्ही एवढंच बघा की 'मदत हवी' असं दोघींनीही जिला लिहिलं, अशा किती आहेत.

आणि न जुळलेली उत्तरं कुठं साठली आहेत ते बघा. दहापैकी सहा फॉर्ममध्ये एकाच प्रश्नावर भांडण असेल तर सख्यांना बोल लावू नका, तो प्रश्न बदलायचा. सगळी भांडणं एकाच सखीच्या फॉर्मवर असतील तर तिला परत शिकवायचं. दहा माणसांवरून शास्त्रज्ञांचा अभ्यास होत नाही, हे मला कळतं. पण वाईट प्रश्न पकडायला दहा माणसं पुरतात.

विचारायला जाताना दुपारी जा, जेवणं झाल्यावर. आजीला एकटीला विचारा. इथं मी सुनांना राग येईल असं बोलणार आहे आणि मीही सूनच आहे. आपण समोर उभ्या असलो की त्या 'सगळं बरं आहे' म्हणतात. आपण वाईट आहोत म्हणून नव्हे. आपल्याला अजून एक काम लागू नये म्हणून, नाहीतर तक्रार केली असं दिसू नये म्हणून. आणि आपल्या घरचा फॉर्म आपण भरायचा नाही, हा नियम मी माझ्यापासून लावते. सुनेचं म्हणणं लिहायचं असेल तर ते वेगळ्या रकान्यात, सुनेचं म्हणून लिहा.

एक तपासणी अशी आहे, तिला भाषा लागत नाही. माणूस खुर्चीवरून उठतं, तीन मीटर चालतं, वळतं, परत येऊन बसतं. किती सेकंद लागले ते मोबाईलवर बघायचं. १९९१ पासून ही वापरात आहे. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. पण यातही काटा हलतो. एका घरी खाट, दुसऱ्या घरी स्टूल, तिसरीकडं सोफा, मग सेकंद कसे जुळतील? म्हणून हात असलेली एकच खुर्ची सगळीकडं न्यायची. रोज पायात असते तीच चप्पल, काठी असेल तर काठीसह, आणि शेजारी एक बाई सावरायला उभी. रक्तदाबाचंही तेच. आल्याआल्या मोजू नका. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसू द्या, हात छातीच्या पातळीला टेकवा, मधे बोलू नका, दोनदा मोजा. वीस घरं उरकायची म्हणून धावतपळत मोजलेला आकडा लिहिण्यापेक्षा रकाना रिकामा ठेवा.

परवा मी आमच्या गावच्या सखीला मुद्दाम घरी पाठवलं आणि मी स्वतः शेतात गेले. संध्याकाळी तिचा फॉर्म बघितला. मी आत्यांबद्दल मनातल्या मनात जे लिहिलं असतं, त्यापेक्षा चार उत्तरं वेगळी निघाली. रात्री उठायला भीती वाटते, हे मला ठाऊक नव्हतं. आता तिथं रात्रभर बारका दिवा ठेवते.

लाल आणि निळी पेनं बाहेर टेबलावर ठेवली आहेत, जाताना प्रत्येक ग्रामसंघानं एकेक जोडी घेऊन जा. भरलेले फॉर्म पुढच्या मासिक सभेला आणायचे, आणि दोघी सख्या एकाच रिक्षातून येणार असाल तर वाटेत एकमेकींचे फॉर्म बघू नका.